रे मार्केट, फुले मंडई आणि आम्ही बागवान

माझ्या आजोळचा धंदा लिंबू, आलं आणि हिरव्या मिरचीचा. नानांचा गाळा पुण्याच्या मंडईत होता. लहानपणी सुट्टीत मी तिथे जायचो तेव्हा काम एकच मिळायचे, लिंबं मोजायचे. एका हातात दोन, दुसऱ्या हातात तीन, अशी पाचांची एक टाक. वीस टाकांचा शेकडा. नानांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण माझ्या हातून शेकड्यात एक लिंबू कमी पडले तर ढिगाकडे नुसते बघून ते म्हणायचे, "फिर से गिन." मी परत मोजायचो आणि नव्याण्णवच भरायचे.

त्या इमारतीचा इतिहास मला खूप उशिरा, कॉलेजात गेल्यावर कळला. महात्मा फुले मंडई हे नाव मी रोज ऐकत होतो. पण ज्या माणसाचे नाव या मंडईला आहे, त्याने ही मंडई बांधायला नगरपालिकेच्या सभेत विरोध केला होता, हे मला कोणी सांगितले नव्हते. नानांनाही ते माहीत नव्हते. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यात आहे. आज ती लिहायचा प्रयत्न करतो.

पुण्यात भाजीचा बाजार मंडईच्या इमारतीच्या फार आधीपासून भरत होता. पुण्याच्या पेठा मुळात बाजारासाठीच वसल्या. वारांची नावे आज आपल्याला जुनी वाटतात, पण त्यांच्याही आधीची नावे कागदोपत्री सापडतात. रविवार पेठ म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तुजाबाद. बुधवार पेठेचे नाव होते मोहियाबाद. औरंगजेबाची छावणी १७०३ मध्ये पुण्यात असताना त्याचा एक नातू इथे वारला, त्याच्या नावावरून ते पडले. पेशवाईत ही नावे बदलली आणि आज ती अभ्यासकांखेरीज कोणाला आठवत नाहीत. ज्या शुक्रवार पेठेत मंडई आहे ती जिवाजीपंत खासगीवाले यांनी १७३४ च्या सुमारास वसवली. मंडईची जागाही खासगीवाल्यांच्याच मळ्याची. म्हणजे जिथे भाजी विकली जाते तिथे कधीकाळी भाजी पिकतही असावी.

पेशवाई गेली तरी बाजार राहिला. शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भाजीवाले बसत. वर ऊन, पावसात खाली चिखल, आणि मधून गाड्या-बैल. १८५७ मध्ये नगरपालिका आली आणि हळूहळू या बाजाराची तिला लाज वाटू लागली. मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले होते. पुण्यालाही तसे काही हवे, असे वाटणाऱ्यांची संख्या सभागृहात मोठी होती. १८८२ च्या सुमारास पक्की मंडई बांधायचे ठरले.

जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. सरकारनियुक्त सदस्य होते, पण सरकारच्या हो ला हो करणारे नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्याच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे म्हणून त्यांनी विरोध केला. मंडईच्या बाबतीतही त्यांची भूमिका तीच होती. शहरातल्या गोरगरिबांच्या मुलांना शाळा नाहीत आणि आपण लाखोंची इमारत उभी करतो आहोत, हे त्यांना पटले नाही. फुले आणि त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध नोंदवला. बहुमत दुसरीकडे होते. मंडई झाली.

फुल्यांना बाजाराचे काही कळत नव्हते म्हणून ते विरोधात गेले, असे कोणी समजू नये. ते स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. त्या धरणाच्या कालव्याने हडपसर, मांजरी, मुंढव्याकडची जमीन भिजू लागली आणि पुण्याला ताज्या भाजीचा बारमाही पुरवठा सुरू झाला. मांजरीला खुद्द फुल्यांची शेती होती. मळ्यातून बाजारात आणि बाजारातून सावकाराकडे पैसा कसा वळतो हे त्यांना घरबसल्या दिसत होते. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात शहरात माल घेऊन येणारा शेतकरी जकात आणि दलाली यांच्यामध्ये कसा पिळला जातो हेही आले आहे. एकीकडे मंडईचा पाया खणला जात होता आणि दुसरीकडे हे पुस्तक लिहिले जात होते. वर्षे तीच आहेत.

इमारतीचा आराखडा कर्नल वॉल्टर ड्यूकॅट या लष्करी इंजिनिअरचा. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटणाऱ्या लांब ओवऱ्या. काळा दगड, कमानी, वर उतरते कौलारू छप्पर. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी उद्घाटन झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून नाव पडले रे मार्केट. हा रे मूळचा स्कॉटिश घराण्यातला, पण जन्माने हेगचा. हॉलंडमध्ये जन्मलेल्या माणसाचे नाव पुण्याच्या भाजीबाजाराला जवळजवळ पन्नास वर्षे होते! माझ्या नानांचे वडील शेवटपर्यंत 'रेमारकीट' असाच एक शब्द म्हणत. त्याचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक माणूस आहे, याची त्यांना कल्पना नसावी.

इमारत म्हणून ती चांगलीच आहे, हे फुल्यांच्या बाजूने उभे राहूनही मान्य करावे लागते. भाजीचा शत्रू म्हणजे ऊन आणि कोंडलेली हवा. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना आत मध्यभागी मनोऱ्याखाली उभे राहिले की अंगाला गार लागते. उंच छपरामुळे गरम हवा वर जाते. नाना म्हणायचे, या छपराखाली कोथिंबीर दोन तास जास्त जगते. भाजीवाल्याच्या धंद्यात दोन तास म्हणजे त्या दिवसाचा नफा.

आता आमच्याविषयी. बाग आणि बान हे दोन्ही शब्द फारसी. बागवान म्हणजे बाग राखणारा. महाराष्ट्रात ही फळे आणि भाजी विकणारी मुस्लिम जमात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, कुठल्याही गावच्या मंडईत जा, बागवान सापडतोच. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये मुस्लिम जमातींच्या यादीत बागवान आहेत, तांबोळी, अत्तार, मणियार यांच्याबरोबर. त्या काळच्या गॅझेटियरांनी दख्खनच्या बहुतेक व्यावसायिक मुस्लिम जमातींना 'औरंगजेबाने बाटवलेले' असे एकच ठोक वाक्य लावले आहे. इतक्या जमाती इतक्या शिस्तीने एकाच बादशहाने बाटवल्या, तर त्याला लढाया करायला वेळ कधी मिळाला, हा प्रश्न साहेबाला पडला नाही. एवढे मात्र खरे की आम्ही बाहेरून आलेलो नाही. ज्याच्याकडून माल घ्यायचा तो माळी आणि ज्याला विकायचा ते गिऱ्हाईक, या दोघांच्या मधे आम्ही पिढ्यानपिढ्या बसलो आहोत. भाषा घरात दखनी, गाळ्यावर मराठी. हिशेब दोन्हींत.

धंद्याची रीत साधी होती, पण सोपी नव्हती. रात्री बैलगाड्या, पुढे ट्रक यायचे. पुरंदरचे अंजीर, सीताफळ आणि मटार, श्रीगोंद्याकडची लिंबं, साताऱ्याचं आलं, जुन्नरकडची भाजी. पहाटे अडत्याच्या गाळ्यावर लिलाव. त्याच्याही आधीच्या काळात भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली हात घालून बोटे दाबत, आणि तो भाव त्या दोघांनाच कळे. शेतकरी शेजारी उभा असे, माल त्याचा असे, आणि आपल्या मालाचे काय चालले आहे हे त्याला दिसत नसे. आमचे लोक या रुमालाच्या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगतात. बोटांच्या कौशल्याचे कौतुक मलाही आहे. पण रुमाल कोणापासून झाकण्यासाठी होता हे पण सांगावे लागेल. बागवानांतले जे अडते झाले ते शेतकऱ्याला उचल द्यायचे. उचल घेतली की माल दुसऱ्या गाळ्यावर नेता येत नाही. 'असूड'मधला शेतकरी ज्यांच्या हातून लुटला गेला त्यांत एक हात माझ्या घरातलाही असू शकतो, ही शक्यता मी नाकारत नाही.

किरकोळ विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. डाग घेतला की आधी निवड. पातळ सालीचे पिवळे लिंबू वर, हिरवट मधे, डागी खाली. डागी फेकायचे नाही, ते दुपारी खानावळवाला नेतो. वर ओले बारदान. बुरुड आळी दोन पावलांवर, त्यामुळे टोपल्या, पाट्या तिथल्या. एका टोपलीचा कान तुटला तर नाना ती दुरुस्तीला माझ्याबरोबर पाठवायचे आणि बुरुड मावशी पैसे न घेता चार लिंबं मागून घ्यायच्या.

मंडईतला बागवान दोन पंचांगांवर जगतो. एकादशीच्या आदल्या दिवशी रताळी आणि केळी किती मागवायची, भोगीला गाजर, मटार, वांगी, ओला हरभरा यांचा भाव कुठे जाणार, हे त्याला तोंडपाठ. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की केळीचे घड रात्रीच उतरवून घ्यायचे. रमजानचा चाँद दिसायच्या आठवडाभर आधी मामू कलिंगड आणि पपईची तजवीज करायचे, कारण मोमीनपुऱ्यात इफ्तारसाठी गाड्या लागणार असत. जुम्म्याच्या नमाजला जाताना नाना गाळ्यावर बारदान टाकायचे आणि शेजारच्या माळी काकांना एक हाक मारायचे. काका बारदान बाजूला करून आमची लिंबं विकायचे. परत आल्यावर पैसे एका डब्यात असत. ते मोजून घेतल्याचे मी कधी पाहिले नाही, आणि मोजण्याच्या बाबतीत नाना कसे होते ते वर सांगितलेच आहे.

म्हणून मंडई म्हणजे एकोप्याचा स्वर्ग होता असे मी म्हणणार नाही. १८९४ मध्ये, म्हणजे इमारतीला आठ वर्षे झाली असताना, दारूवाला पुलाजवळच्या मशिदीसमोरून वाद्ये वाजवीत जाण्यावरून पुण्यात दंगल झाली. तोवर मोहरमच्या ताबुतांत पुण्यातले हिंदू मोठ्या संख्येने असत. त्या सुमारास ते आटले आणि सार्वजनिक गणपती वाढला. मंडईचा शारदा-गजानन त्याच १८९४ चा. तीन वर्षांनी प्लेग आला, निम्मे शहर ओस पडले. लोकमान्य टिळकांचा पुतळा १९२४ मध्ये मंडईत बसवला गेला, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. बाजारात येणारा माणूस सभेलाही थांबतो हे पुढाऱ्यांना कळले होते, आणि मंडईचे नाव राजकारणात इतके झाले की काकासाहेब गाडगीळांनी तिला 'मंडई विद्यापीठ' म्हटले. वरच्या मजल्यावर एक औद्योगिक संग्रहालय होते, तेही रेच्याच नावाचे. पुढे ते घोले रस्त्यावर गेले आणि त्यालाही फुल्यांचे नाव मिळाले.

मंडईला फुल्यांचे नाव दिले ते आचार्य अत्र्यांनी. तीसच्या दशकाच्या अखेरीस ते नगरपालिकेत निवडून आले होते. ज्या शहराने जोतीरावांवर शेण-दगड टाकणारे पाहिले, त्या शहराच्या मध्यवस्तीतली सगळ्यांत गजबजलेली इमारत त्यांच्या नावाने ओळखली जावी, यात अत्र्यांचा खोडकरपणाही असेल आणि भक्तीही. पुढे १९५४ मध्ये त्यांनी फुल्यांवर चित्रपटही काढला. क्रॉफर्ड मार्केटलाही आज फुल्यांचेच नाव आहे. शाळा मागणाऱ्या माणसाच्या वाट्याला दोन मोठ्या शहरांत भाजीबाजार आले. काहीजण याला विसंगती म्हणतात. मला ती तशी वाटत नाही, पण तिच्यात मी अडकतो, हे खरे.

अडकतो ते असे. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्यांची बहीण फातिमा सावित्रीबाईंबरोबर शिकवण्याच्या कामात होती. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात तिचा उल्लेख आहे. माझे आजोळ त्याच गंज पेठेत. फातिमाबींच्या वस्तीपासून मंडई चालत पंधरा-वीस मिनिटांवर. आणि त्या वस्तीतल्या माझ्या घरातला पहिला माणूस दहावी पास झाला तो १९८६ मध्ये, मंडईला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर. माझा मोठा मामू. त्याच्या आधी तीन पिढ्यांतला प्रत्येक मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी गाळ्यावर बसला, कारण गाळा होता. गाळा नसता तर कदाचित शाळेत गेला असता, कदाचित हमाली केली असती. अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेली. पाचवीला तिला घरी बसवले, कारण मिरच्यांची देठे काढायला हात कमी पडत होते. देठे काढलेली मिरची हॉटेलवाले जास्त भावाने घेतात.

फुले म्हणत होते इमारत नको, शाळा काढा. इमारत झाली. तिने आम्हाला शंभर वर्षे जेवू घातले आणि शंभर वर्षे शाळेबाहेर ठेवले. दोन्ही खरे आहे.

सत्तरच्या दशकात घाऊक बाजार गुलटेकडीला, मार्केट यार्डात गेला. १९६३ च्या बाजार समिती कायद्यानंतर ते होणारच होते. पेठेच्या गल्ल्यांत ट्रक मावत नव्हते. ज्यांच्याकडे भांडवल होते ते बागवान अडते म्हणून तिकडे गेले. आज मार्केट यार्डात फळांच्या आणि लिंबाच्या व्यापारात त्यांची नावे दिसतात. नाना गेले नाहीत. रोज पहाटे टेम्पोत इतरांबरोबर जागा घेऊन यार्डातून माल आणायचे आणि मंडईत विकायचे. जी मंडई शहराला भाजी वाटत होती तीच भाजी विकत आणू लागली. २०१६ मध्ये सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, आणि अडत शेतकऱ्याकडून नाही तर खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. 'असूड' लिहून तेव्हा १३३ वर्षे झाली होती.

नाना २००४ मध्ये वारले. गाळा धाकट्या मामूकडे आला आणि गिऱ्हाईक कमी झाले तशी मामूने एक हातगाडी केली. सकाळी मंडई, दुपारनंतर गाडी घेऊन उपनगरातल्या सोसायट्यांत. २०२० च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशातल्या रायसेनची एक जुनी चित्रफीत देशभर फिरली, एका फळवाल्याची. निजामुद्दीनच्या बातम्या चालूच होत्या. ज्या सोसायटीत मामू अकरा वर्षे जात होता तिथल्या फाटकावर त्याला नाव विचारले गेले. अकरा वर्षे त्याला सगळे 'लिंबूवाले मामा' म्हणत. त्याने नाव सांगितले. रखवालदार खाली बघत म्हणाला, आजपासून नको असे सांगितले आहे. मामू घरी आला, काही बोलला नाही, गाडीवरची भाजी गल्लीत वाटून टाकली. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच सोसायटीतल्या एका वृद्ध बाईंनी मुलाला सांगून मामूचा नंबर शोधला आणि फोन केला. आलं संपलं होतं. तो गेला, फाटकाबाहेर पिशवी ठेवून आला. पैसे त्यांनी नंतर मंडईत येऊन दिले, मुलाच्या खांद्याला धरून.

मंडईत कोणी नाव विचारत नाही, असे मामू सांगतो. तिथे विचारतात ते भाव. त्याने गाडी विकली, गाळा ठेवला.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईखालून मेट्रो सुरू झाली. गेल्या महिन्यात मी तिनेच गेलो. सरकत्या जिन्याने वर आलो तर समोर काळ्या दगडाचा मनोरा. आत अर्धे गाळे बंद होते, एका ओवरीत नुसती पोती रचलेली. मामूच्या गाळ्यावर त्याची मुलगी बसली होती. ती एम. कॉम. करते आहे, परीक्षा संपली की दुपारी दोन तास बापाला जेवायला सोडते. मोबाइलवर काहीतरी वाचत होती. एक बाई आल्या, म्हणाल्या, "ताई, लोणच्याला शंभर लिंबं द्या, चांगली पातळ सालीची." तिने मोबाइल ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. एका हातात दोन, दुसऱ्या हातात तीन. मी शेजारी उभा राहून तिच्याबरोबर मनात मोजत होतो. अठराव्या टाकेला माझी मोजणी चुकली.